घोडबंदरला घोडा उतरला, पुढे त्याला गवत कोणी घातलं?

ठाण्यात वारसा-फेऱ्या काढणाऱ्या मंडळींस खुले पत्र

सप्रेम नमस्कार,

गेल्या हिवाळ्यात तुमच्यापैकीच कुणीतरी काढलेल्या फेरीबरोबर मी घोडबंदरच्या किल्ल्यावर आलो होतो. पाठीमागे टोपी घातलेला, गुडघ्याला पट्टा बांधलेला म्हातारा आठवत असेल तर तो मीच. वाट दाखवणारी मुलगी छान बोलत होती. पोर्तुगीज, मग १७३७ ची मराठ्यांची मोहीम, मग इंग्रज, सगळं क्रमाने आणि पाठांतराचा वास येऊ न देता. नावाबद्दल ती म्हणाली, "इथे अरबी घोडे उतरायचे, म्हणून घोडबंदर." लोकांनी माना डोलावल्या, दोघांनी खाडीकडे तोंड करून फोटो काढले आणि आम्ही पुढे निघालो.

मी मागून विचारलं, "उतरलेल्या घोड्याला पाणी कोण पाजायचं?"

हशा पिकला. मुलगीही हसली, पण "काका, शोधून सांगते" असं म्हणाली, आणि ते तिनं मनापासून म्हटलं. तिच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. प्रश्न मात्र तेव्हापासून माझ्याच डोक्यात ठाण मांडून बसलाय. मी निवृत्त पशुवैद्य. आमच्यासमोर जनावर आणलं की आम्ही त्याचं कूळ विचारत नाही. काय खाल्लं, पाणी किती प्यायलं, लीद कशी पडली, हे आधी विचारतो. इतिहासातल्या घोड्यालाही तेच विचारायची खोड जडलीय, त्याला इलाज नाही.

ठाण हा शब्द बघा. जुन्या मराठीत घोडा बांधायच्या जागेला ठाण म्हणत. घोडा ठाणावर आहे, ठाणावरून सोडला, असं बोलत. ठाणे आणि ठाण हे दोन्ही शब्द स्थानाच्याच पोटचे. म्हणजे आपल्या गावाच्या नावात घोडा नसला तरी घोड्याच्या जागेचा चुलतभाऊ आहे. (पाचपाखाडीचा पखालीशी, म्हणजे पाण्याच्या चामडी पिशवीशी, संबंध आहे का, असं मला एका शेजाऱ्यांनी विचारलं होतं. नाही हो. पाखाडी म्हणजे वस्ती. सगळंच ओढूनताणून घोड्याला नेऊन बांधू नये.)

तर पाणी कोण पाजायचं? मराठी पागेपुरतं या प्रश्नाला लेखी उत्तर आहे. शिवकाळातल्या घोडदळाची रचना आपण शाळेत घोकतो: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांवर एक हजारी. पण त्याच रचनेत दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमून दिलेला होता. पाणी आणणारा आणि नाल ठोकणारा. हवालदार-जुमलेदार परीक्षेत येतात, पखालजी-नालबंद येत नाहीत. ज्यानं ही नेमणूक ठरवली त्याला मात्र ठाऊक होतं की पाणी आणि नाल चुकली तर हजारी सरदार पायीच लढणार.

आता मूळ विषयाकडे येतो, म्हणजे इंग्रजी अमलातल्या घोड्याकडे. ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्ये घेतला, आणि १८१८ साली पेशवाई संपल्यावर दक्षिणेतले हजारो स्वार बिनचाकरीचे झाले. त्यांतल्या काहींना इंग्रजी रिसाल्यांत जागा मिळाली. १८१७ साली उभारलेल्या रिसाल्याचा पुढे पूना हॉर्स झाला, तो आजही भारतीय सैन्यात आहे, फक्त आता रणगाड्यांवर. इंग्रजांनी आपली शिलेदारीची रीतही उचलली. बारगिराला घोडा सरकारचा, शिलेदाराचा घोडा स्वतःचा. कंपनीला ती पद्धत स्वस्त पडत होती, कारण घोडा मेला तर पहिली चाट स्वाराच्या खिशाला. ही शिलेदारी पहिल्या महायुद्धापर्यंत चालली. त्या युद्धात घोडे इतक्या झपाट्यानं मेले की पद्धतच मोडीत काढावी लागली. शिलेदार हा शब्द आपण आज सत्काराच्या भाषणात फुलासारखा वापरतो. त्यामागे कर्ज काढून घोडा घेणारा माणूस आहे.

पण लष्करी घोड्याबद्दल बोलणारे खूप आहेत. शर्यतीच्या घोड्याबद्दल तर त्याहून जास्त, त्यांना मी हातही लावत नाही. मला सांगायचंय ते रोज गाडी ओढणाऱ्या, तट्टू म्हणून हिणवल्या जाणाऱ्या, चाळीस वर्षांची चाकरी दहा वर्षांत उरकून मरणाऱ्या घोड्याबद्दल आणि त्याच्या माणसांबद्दल. कारण तो घोडा मुंबईचा असला तरी त्याचं पोट ठाण्यात होतं.

साहेबाच्या बंगल्यावर एका घोड्यामागे दोन माणसं असायची असा सर्वसाधारण दंडक होता. एक घोड्याची निगा राखणारा आणि दुसरा रोज गवत कापून आणणारा. दुसरा म्हणजे अनेकदा पहिल्याची बायको. निगा राखणाऱ्याला बंगालकडे सईस म्हणत, मद्रासेत हॉर्सकीपर आणि आपल्या मुंबई इलाख्यात साधं मराठी-हिंदी नाव, घोडेवाला. मराठी पागेत त्यालाच मोतद्दार म्हणत. खरारा करणं (अंग घासणं), चंदी म्हणजे दाणा भिजवून तोबऱ्यात, तोंडाला बांधायच्या पिशवीत, भरणं, आगाडी-पिछाडीचे दोर बांधणं, खुरातला खडा काढणं, आणि साहेब बग्गीत बसून निघाला की गाडीबरोबर धावणं किंवा मागच्या पायरीवर लटकणं. बग्गी थांबली की घोड्याच्या तोंडाशी उभं राहून माश्या हाकायच्या. रात्री झोपायचं तेही घोड्याशेजारीच.

हा शेजार जिवावर बेतणारा होता. घोड्यांना ग्लँडर्स नावाचा रोग होतो. नाकातून चिकट घाण वाहते, अंगावर गाठी येऊन फुटतात. तो माणसाला लागतो आणि औषधं निघायच्या आधी लागला की माणूस बहुधा वाचत नसे. १८९९ साली या रोगासाठी हिंदुस्थानात स्वतंत्र कायदा झाला. घोडा रोगी ठरला की त्याला मारून टाकायचं, तबेला धुऊन काढायचा. कायद्याचा डोळा घोड्यावर होता. शेजारी झोपणाऱ्याला काय झालं, याची नोंद ठेवायची गरज तेव्हा कुणाला वाटली नसावी.

तुमची सगळ्यांची आवडती जागा म्हणजे ठाणे स्टेशन. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, साहिब-सिंध-सुलतान ही तीन इंजिनं, चौदा डबे, चारशे पाहुणे. हे तुम्ही फार रंगवून सांगता आणि सांगावंच. पण त्यानंतर एक वाक्य सवयीनं येतं: "आणि मग आगगाडी आल्यावर घोड्यांचे दिवस संपले." हे वाक्य कृपा करून काढा. ते चूक आहे.

आगगाडीनं घोड्याचे लांबचे प्रवास संपवले, एवढंच. त्याआधी मुंबईचा माणूस पुण्याला निघाला की पडावात बसून खाडीतून पनवेलला उतरायचा आणि तिथून पालखी, तट्टू किंवा टपालगाडी धरायचा. बोरघाटातून गाडी जाईल असा रस्ता १८३० साली गव्हर्नर माल्कमच्या कारकिर्दीत खुला झाला होता. नव्या पनवेलच्या मॉलसमोर आज जे रिक्षासाठी ताटकळतात त्यांनी एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही की पनवेल हे वाहन बदलायचं गाव आहे आणि ते दोनशे वर्षांपासून आहे. आगगाडी मुंबईकडून खोपोलीपर्यंत आणि पुण्याकडून खंडाळ्यापर्यंत येऊन पोचली तरी मधला घाट तयार नव्हता, तेव्हा खोपोलीला गाडीतून उतरून माणसं तट्टावर नाहीतर पालखीत घाट चढत आणि वर दुसरी गाडी पकडत. १८६३ साली घाटातून रेल्वे गेली आणि ती तट्टं मोकळी झाली. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर मॅलेट माथेरानचा डोंगर चढला आणि तिथे साहेबांचं थंड हवेचं ठिकाण झालं. माथेरानात मोटारीला बंदी आहे, त्यामुळे वर आजही घोडेवाला नावाचा धंदा शिल्लक आहे. तुम्हाला एकोणिसाव्या शतकातला तबेला जिवंत बघायचा असेल तर नेरळला गाडी बदला.

पण शहरात काय झालं? आगगाडीनं माणसं आणि माल स्टेशनावर आणून ओतला. स्टेशनापासून घरापर्यंत, वखारीपर्यंत, गोदीपर्यंत तो नेणार कोण? बैल आणि घोडा. म्हणून रेल्वे आल्यावर मुंबईत घोडे वाढले. मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली ती आगगाडीनंतर एकवीस वर्षांनी, ९ मे १८७४ ला. कुलाब्यापासून पायधुणीपर्यंत आणि बोरीबंदरपासून पायधुणीपर्यंत. सुरुवातीला वीसेक गाड्या आणि दोनशे घोडे होते. विजेच्या ट्रामसाठी कंपनीनं गाशा गुंडाळला त्या १९०५ सालापर्यंत घोड्यांची संख्या १,३६० झाली होती. एका कंपनीचे एक हजार तीनशे साठ घोडे! व्हिक्टोरिया, खाजगी बग्ग्या, भाड्याच्या शिग्रमी अशा बाकीच्या घोडागाड्या, पोलीस, पलटणी, अरबी घोड्यांच्या व्यापाऱ्यांचे भेंडीबाजाराकडचे तबेले, हे सगळे यात धरलेलेच नाहीत.

आता माझ्या धंद्यातलं गणित करू. साध्या गाडीच्या घोड्याला दिवसाला वाळलं गवत सात किलो तरी लागतं, हे मी हात आखडून धरतोय. चंदीचा हरभरा वेगळा, पाणी पंचवीस-तीस लिटर वेगळं. १,३६० गुणिले सात, म्हणजे रोज साडेनऊ टन गवत. वर्षाला साडेतीन हजार टनांच्या घरात. फक्त ट्रामच्या घोड्यांना. मुंबई बेट केवढंसं, त्यावर गिरण्या, चाळी आणि गोद्या. एवढं गवत उगवणार कुठे?

उत्तर तुमच्या-माझ्या जिल्ह्यात आहे. भात, लाकूड, मीठ, मासळी यांच्याबरोबर ठाणे जिल्हा मुंबईला गवत पुरवत होता. साष्टी, कल्याण, भिवंडी, मुरबाड, शहापूर आणि उत्तरेला पालघर, डहाणू, उंबरगावपर्यंतचे माळ आणि कुरणं. उंबरगाव १९६० साली गुजरातेत गेलं, पालघर जिल्हा २०१४ साली वेगळा झाला, त्या काळी मात्र हे सगळं ठाणंच. दसरा झाला, पाऊस उघडला की कापणी लागायची. गवत वाळलं की भारे बांधायचे, गंज्या रचायच्या, बैलगाडीतून वखारीत किंवा स्टेशनावर, नाहीतर खाडीकाठी. तिथून मुंबई. पेट्रोलपंप कुठे आहे हे जसं मोटारवाल्याला माहीत लागतं तसं त्या काळच्या मुंबईला ठाण्याचं कुरण माहीत लागत होतं. १८८२ साली छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये नांगर, गाड्या, बैल, म्हशी, घोडे यांची गणती आहे. ठाणे जिल्हा घोड्यांचा कधीच नव्हता, भाताच्या चिखलात घोड्याचं काम नाही. तरी मुंबईच्या घोड्यांचा इतिहास ठाण्याला वगळून लिहिता येणार नाही, असं मी म्हणतो ते याच कारणानं.

आणि कापायचं कोणी? वारली, ठाकूर, कातकरी, कोकणा. माळ त्यांच्या पायाखालचा होता, पण मालकी सावकाराची किंवा जंगलखात्याची झालेली. लग्नासाठी शंभर-पन्नास रुपये कर्ज काढलं की नवरा-बायको दोघंही सावकाराच्या घरी राबायला बांधलेले, त्याला लग्नगडी म्हणत. शिवाय वेठ. साहेबाची बग्गी मलबार हिलवर दुडकी चालीनं जात होती तेव्हा तिच्या घोड्याच्या तोंडातली काडी अशा कुणाच्या तरी विळ्यानं कापलेली असणं अगदी शक्य होतं.

हे अंदाजानं रंगवलेलं चित्र वाटत असेल तर १९४५ आठवा. किसान सभेनं, शामराव आणि गोदावरी परुळेकरांनी, डहाणू-उंबरगावच्या वारल्यांना संघटित केलं. वेठ आणि लग्नगडी पद्धत मोडून काढल्यानंतरचा पहिला मोठा संप कशावर झाला? गवतावर. पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये मजुरी, ही मागणी. ऑक्टोबर महिना, ऐन कापणीचा हंगाम. तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला, पाच माणसं मेली, त्यांत जेठ्या गांगड होता. १९४५ पर्यंत ट्रामचे घोडे जाऊन चाळीस वर्षं झाली होती आणि मुंबईचं गवत प्रामुख्यानं म्हशींच्या तबेल्यांत जात होतं, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण ती बाजारपेठ, त्या वखारी, तो पाचशे पौंडांचा हिशेब घोड्यांच्या मुंबईपासून चालत आलेला. पाचशे पौंड म्हणजे सव्वादोनशे किलोंच्या वर. माझं मघाचं गणित या मापात मांडलं तर ट्रामच्या घोड्यांना असे बेचाळीस ढीग रोज लागत होते. प्रत्येक ढिगामागे कुणाची तरी वाकलेली पाठ.

वारल्यांच्या लग्नात भिंतीवर चौक काढतात. पालघट देवीच्या चौकाशेजारी लहानसा देवचौक असतो, त्यात पंचशिऱ्या नावाचा पाच शिरांचा देव असतो, आणि तो घोड्यावर बसलेला असतो. आपण हे चित्र आता कुशनच्या खोळीवर, मेट्रोच्या खांबांवर, बँकेच्या दिनदर्शिकेवर बघतो. घोड्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या गवत कापलेल्या आणि घोड्यावर क्वचितच बसलेल्या माणसांच्या लग्नघरात घोडा देवाखाली येतो, हे मला कळल्यापासून ते चित्र मी नुसतं सजावट म्हणून बघू शकत नाही. याचा अर्थ लावायला मी जाणकार नाही. तुमच्या फेऱ्यांत वारली चित्रांची कार्यशाळा असते, तिथे एखाद्या वारली कलाकारालाच विचारा.

घोड्यावर कोण बसतो, हा प्रश्न जातीचाही आहे. मुंबई इलाख्यात साहेबांकडे घोडेवाल्याची नोकरी करणाऱ्यांत मुसलमान होते तसे महारही होते. खरारा करायला, लीद काढायला, आजारी घोड्याच्या फुटलेल्या गाठी धुवायला त्यांचा हात चालत होता. आजही अधूनमधून पेपरात बातमी येते, अमुक राज्यात दलित नवरदेव घोड्यावर बसला म्हणून वरातीवर दगड पडले. बातमी वाचून आपण हळहळतो आणि "अजूनही असं होतं?" म्हणून पान उलटतो. ज्या आजोबानं घोडा वाढवला त्याच्या नातवाला घोडा वर्ज्य, ही गोष्ट वारसा या शब्दात बसते की नाही, हे तुम्ही ठरवा. माझ्या मते बसते.

आता माझ्या गुरूंबद्दल थोडं. मी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो, सत्तरच्या दशकात. ते कॉलेज १८८६ चं, बाई साकरबाई दिनशा पेटिट इस्पितळाच्या आवारात सुरू झालेलं. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धची मुंबईतली संस्था १८७४ ची, म्हणजे ट्रामच्याच वर्षी जन्मलेली. हा योगायोग मला कधी योगायोग वाटला नाही. शहरात राबणाऱ्या जनावरांचे हाल डोळ्यांना दिसू लागले तेव्हाच इस्पितळाची निकड भासली. त्याआधी काय होतं? सालोतरी होते. शालिहोत्र या अश्वशास्त्राच्या आद्य आचार्याच्या नावावरून आलेला शब्द, म्हणजे देशी घोडेवैद्य. इंग्रजी रिसाल्यांतही सालोतरी पगारावर असत. कॉलेज निघाल्यावर ते हळूहळू अडाणी ठरले.

आम्हाला लंगडणारा घोडा ओळखायला पुस्तकात अनेक पानं होती. मला ते जमेना. व्हिक्टोरियाच्या घोड्यांना नाल मारणारा एक म्हातारा नालबंद होता, सगळे त्याला चाचा म्हणत. त्यानं एकदा माझी पाठ दारवंट्याकडे फिरवली आणि म्हणाला, "डॉक्टरसाब, पहिले बघू नका. ऐका." घोडा दगडी फरशीवरून चालवला. टप, टप, टप, आणि चौथा आवाज पोकळ, चोरट्यासारखा. मग म्हणाला, आता मान बघा. दुखऱ्या पायावर भार यायच्या वेळी घोडा मान वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली घालतो. "पाय झूठ बोलेल, मान नाही." चाळीस वर्षं मी त्या दोन वाक्यांवर पोट भरलं. पुस्तकात तेच होतं, पण पुस्तकाला आवाज नव्हता. चाचाचं नाव कॉलेजच्या कुठल्या कागदावर असेल असं मला वाटत नाही.

नाल दर पाच-सहा आठवड्यांनी बदलावी लागते, कारण खूर नखासारखं वाढत राहतं. म्हणजे १,३६० घोड्यांच्या ५,४४० खुरांना वर्षभर पुरतील इतके नालबंद शहरात लागत होते. ती माणसं गेली कुठे? नाल राहिली. तुमच्या-माझ्या कॉलनीत दर चौथ्या दारावर "काळ्या घोड्याची नाल" ठोकलेली आहे, ऑनलाइन मागवलेली, बहुधा कुठल्याच घोड्यानं न घातलेली. नालबंद मात्र आडनावात उरले. आमच्याच सोसायटीच्या पाट्या मी एकदा खालून वरपर्यंत वाचल्या: राऊत, शिलेदार, चाबुकस्वार, घोडके. राऊत म्हणजे स्वार. चाबुकस्वार म्हणजे कोवळ्या, अडेल घोड्याला चाल शिकवणारा, फार नाजूक कामाचा माणूस. त्या घरातला मुलगा आता बँकेत आहे आणि त्याला वाटायचं पूर्वज कुणाला तरी चाबूक मारत असतील. मी समजावलं तेव्हा त्याचा चेहरा उजळला. तुमच्या फेरीतून असे चार चेहरे उजळतील.

जीनगरांची गोष्ट तर स्वतंत्र फेरीच्या लायकीची आहे. जीन म्हणजे खोगीर. चामडं, लाकूड, कापड, धातू, रंग असं सगळं हातात असलेले कारागीर. मराठी घोडदळ संपलं, साहेबाला विलायती खोगीर हवं होतं, देशी जिनाचा बाजार बसला. मग त्यांनी काय केलं? पितळकाम, चित्रं, मातीच्या मूर्ती, पुस्तकबांधणी, जे जमेल ते. आणि त्यांना जवळपास सगळंच जमत होतं, कारण खोगिरात सगळंच लागतं. आपण "खोगीरभरती" हा शब्द निरुपयोगी माणसांसाठी वापरतो. खोगिरात भरलेला चारा-काथ्या नीट बसला नाही तर घोड्याची पाठ सोलवटते, फोड येतात, महिनाभर घोडा ठाणावर. भरती फालतू नव्हती हो. हा माझा जुना राग आहे, पत्रात घुसला, क्षमा करा.

काळा घोडा तुम्हाला ठाऊक आहेच. सातव्या एडवर्डचा, तो युवराज असतानाचा पुतळा, १८७९ चा. १९६५ साली तो राणीच्या बागेत हलवला, नाव मात्र चौकाला चिकटून राहिलं, आणि २०१७ साली तिथे नवा घोडा आला, बिनस्वाराचा. लोक म्हणाले, बरं झालं, साहेब गेला, घोडा उरला. मलाही बरं वाटलं. पण मी तिथे उभा असताना सवयीनं घोड्याच्या तोंडाजवळची रिकामी जागा बघत होतो, जिथे लगाम धरून माणूस उभा असतो.

व्हिक्टोरिया गाड्या २०१५ साली उच्च न्यायालयानं बंद करायला लावल्या. पशुवैद्य म्हणून माझं मत विचाराल तर निकाल योग्य होता. शेवटच्या काळात त्या घोड्यांची हालत मी बघितली आहे, डांबरावर, कर्णकर्कश हॉर्नमध्ये, तबेले कोंदट. पण गाडीला चांदीचा मुलामा चढवणारे तेच, घोड्याला उपाशी ठेवणारे तेच, असा जो सूर तेव्हा लागला तो मला पटला नाही. चांगला घोडेवाला स्वतः नंतर जेवतो. ठाणे स्टेशनबाहेर माझ्या लहानपणी टांगे उभे असायचे, त्यांतला एक जण भर पावसात घोंगडी घोड्याच्या पाठीवर टाकून स्वतः भिजत उभा राहायचा. आईनं मला तो दाखवला होता. मी जनावरांचा डॉक्टर का झालो, याचं खरं उत्तर बहुतेक तिथे आहे.

तर मागणं एवढंच. घोडबंदरला "अरबी घोडे उतरत" म्हणाल तेव्हा तिथे पाच मिनिटं थांबा आणि पखाल, तोबरा, नाल, गवत यांची नावं घ्या. ठाणे स्टेशनावर तीन इंजिनांच्या नावांपाठोपाठ स्टेशनाबाहेर कोण उभं होतं ते सांगा. आणि वर्षातून एक फेरी शहराबाहेर काढा, दसऱ्यानंतर, मुरबाड किंवा शहापूरच्या बाजूला, गवत कापणी चालू असेल तिथे. म्हसोबाच्या जत्रेपर्यंत थांबायचं असेल तर पौषात मुरबाडजवळच्या म्हसा गावी चला, तिथे जनावरांचा बाजार भरतो. बैलांचा जास्त, पण घोड्याचं सामान विकणारा एखादा तिथे भेटायची आशा मी सोडलेली नाही.

कोरडा उपदेश नको म्हणून माझ्याकडचं सामान देतो. एक जुना तोबरा आहे, एक खरारा, चाचानं दिलेली झिजलेली नाल आणि खूर तासायची रापी. पुढच्या फेरीला पिशवीत घालून आणतो, मुलांच्या हातात द्या, काचेच्या पेटीत ठेवू नका. शहापूरचा माझा एक जुना पशुपालक वाळल्या गवताचा एक भारा टेम्पोत टाकून द्यायला तयार आहे. तो चाळीस किलोंच्या आत बांध, असं मी त्याला सांगितलंय, तो म्हणाला, "एवढा हलका भारा आमच्यात पोरं नेतात." फेरीला येणाऱ्यांपैकी दोन तरुण तो उचलायला लागतील, माझी पाठ आता ऐकत नाही. रविवार कुठला ते तेवढं आठवडाभर आधी कळवा.

आपला,
नौपाड्याचा एक निवृत्त पशुवैद्य